दुसरा आकडा

मेगर नावाचं एक यंत्र असतं. काळी पेटी, बाजूला हँडल. त्याच्या दोन वायरी मोटारीला लावायच्या, हँडल गरागरा फिरवायचं आणि काट्याकडे बघायचं. काटा वर गेला तर तारांवरचं आवरण शाबूत आहे. काटा खाली राहिला तर मोटारीला वीज द्यायची नाही. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात एकतीस वर्षं मी हे हँडल फिरवलं. शिक्षण चौथी. पण डिग्रीवाले साहेब लोक मोटार चालू करायच्या आधी माझ्याकडे बघायचे. "काय म्हणतो मेगर? देऊ का सप्लाय?" मी "द्या" म्हटल्याशिवाय कुणी बटण दाबत नसे. हे मी फुशारकीनं सांगत नाही, असं लिहिणार होतो. पण आजवर फुशारकीनंच सांगत आलोय, तेव्हा तसंच राहू द्या.

पावसाळ्यात बंद पडून राहिलेली मोटार ओल धरते. मेगर लावला की काटा खालीच. मग आम्ही मोटारीच्या पोटात दोनशे वॅटचे दोन-तीन बल्ब सोडायचो, वरून ताडपत्री झाकायची आणि दोन दिवस शेकत ठेवायची. ओल उडाली की काटा आपोआप वर यायचा. पुढे मी जे केलं ते ह्याच्यातनंच केलं, म्हणून हे आधी सांगून ठेवतो.

माझी दुसरी फुशारकी हातांची. कुणाची उसण भरली, मान अवघडली, पाय मुरगळला की कॉलनीतली माणसं माझ्याकडे येत. लसूण आणि ओवा टाकून तेल कढवायचं आणि अंगठ्यानं शीर शोधून दाबायची. हे मला कुणी शिकवलं नाही. रिटायर झाल्यावर जेल रोडला घर बांधलं, तरी लोक एकलहऱ्याहून सायकल मारत यायचे. बायको होती तोवर ती म्हणायची, "एक दिवस कुणाचं तरी काहीतरी मोडून ठेवाल." मी तिला हसायचो.

माझी नात पळते. पंधराशे मीटर. मुलगा मालेगावला नोकरीला, रविवारचा घरी येतो. सून बालवाडीत शिकवते, तिची सकाळ शाळेत जाते. म्हणून नातीला पहाटे मैदानावर नेणं-आणणं माझ्याकडे. ती पळायची आणि मी कठड्यावर मफलर बांधून बसायचो. तिचा पाय जमिनीला लागतो की नाही असं वाटायचं. शेजारी बसलेल्या कुणालाही मी सांगायचो, "ती पुढची, निळ्या टी-शर्टातली, ती आमची."

राज्याच्या संघासाठी निवड चाचणी चार आठवड्यांवर आली होती. तिच्या वयोगटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. चाचणीत पहिल्या तिघींत आली तर पुढे जाणार होती. तिला पळायला शिकवणारे सर म्हणायचे, येणारच. त्या थंडीतल्या एका सकाळी वळणावर ती अचानक थांबली आणि एका पायावर लंगडत गवतावर बसली.

मी धावलो. म्हणजे माझ्या वयाला जमेल तसं.

"आबा, कुणीतरी पोटरीत दगड मारला असं वाटलं," ती म्हणाली. "मागं वळून बघितलं तर कुणीच नाय."

मैदानाच्या इमारतीत एक खोली आहे, तिथे फिजिओ मॅडम बसतात. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. त्यांच्याकडे नुकतंच एक नवीन यंत्र आलं होतं, वहीएवढं. त्यांनी नातीला पाठीवर झोपवलं, पायातलं पैंजण काढायला लावलं, पाय स्पिरिटनं पुसले आणि पाच-सात मिनिटं काही न करता तसंच पडून राहायला सांगितलं. मग पोटरीवर चार चिकटपट्ट्या लावल्या, वर दोन, खाली दोन. प्रत्येक पट्टीला एक वायर.

"शॉक बसतो का?" मी विचारलं.

"नाही आजोबा. मुंगी चालल्याएवढंही कळत नाही. बाहेरच्या दोन पट्ट्यांतनं बारीकसा करंट जातो. आतल्या दोन पट्ट्या बघतात, वाटेत अडथळा किती झाला."

त्यांनी पट्ट्या आधी चांगल्या पायाला लावल्या होत्या. "दुखतोय तो डावा," मी म्हटलं. मला वाटलं, चुकल्या.

"माहीत आहे. पण प्रत्येकाचं अंग वेगळं. हिचा दुखरा पाय हिच्याच चांगल्या पायाशी ताडून बघायचा."

हे ऐकून माझ्या अंगात काहीतरी संचारलं. मोटारीत तारांची तीन वेटोळी असतात, वाइंडिंग म्हणतात त्यांना, आम्हीही ती एकमेकांशी ताडून बघायचो. मी म्हटलं, "अहो मॅडम, हा तर मेगर!"

त्यांना मेगर माहीत नव्हता. मग काय, मी सांगायला लागलो. हँडल, काटा, ओल, बल्ब, ताडपत्री, सगळं. त्यांनी हनुवटीला हात लावून ऐकलं. दाराशी तीन-चार पोरी जमल्या होत्या, त्याही ऐकत होत्या. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही आमच्याच धंद्यातले की, आजोबा."

त्या चांगल्या मनानं बोलल्या. माझ्या डोक्यात मात्र ते वाक्य जाऊन बसलं.

मग डाव्या पायाचं रीडिंग आलं. मॅडमनी मला यंत्र दाखवलं. "हे बघा, दोन आकडे येतात. हा पहिला. दुखावलेल्या जागी पाणी साचतं, रक्त साचतं. पाण्यातनं करंट सहज जातो, म्हणून आकडा उतरतो. आणि हा दुसरा आकडा आहे ना, तो…"

"कळलं, कळलं," मी म्हटलं. "ओल धरलीय." आणि दारातल्या पोरींकडे वळून म्हटलं, "पोरींनो, पाय म्हणजे मोटारच. ओल धरली की रीडिंग पडतं."

"तसंही म्हणा हवं तर. पण आजोबा, दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा, कारण…"

"मॅडम, चौथी शिकलो तरी एवढं कळतं मला."

पोरी हसल्या. मॅडमही हसल्या. तेवढ्यात सरांनी बाहेरून हाक मारली आणि दुसऱ्या आकड्याचं बोलणं तिथेच राहिलं.

जाताना मॅडमनी नातीला बजावलं. बर्फ, पट्टी, पाय उशीवर. स्नायू थोडासाच फाटलाय. नीट सांभाळलं तर चाचणीला पळता येईल, पण मधे काही आगाऊपणा नको. दर चार-पाच दिवसांनी रीडिंग घ्यायला यायचं. "मालिश नाही, शेक नाही. आणि येताना पायाला तेल तर अजिबात नको." हे मला ऐकू आलं नाही असं मी लिहिणार नाही. मला चांगलं ऐकू आलं.

पुढच्या खेपेला दोन्ही आकडे वर आले होते. मॅडम खूष, सर खूष. नात रिक्षात घरापर्यंत बोलत होती. मॅडम म्हणतात असं, मॅडम म्हणतात तसं. "मॅडम म्हणतात, अशीच राहिले तर पुढच्या आठवड्यात हळूहळू जॉगिंग." मी रस्त्याकडे बघत बसलो. मला आनंद झाला होता, पण त्यात एक खडा होता. माझ्या घरातल्या पायाला बरं करणारं दुसरंच कुणीतरी होतं.

त्याच दुपारी माझा एक जुना सोबती दुखरी पाठ घेऊन आला. त्याला मी पालथा झोपवून दाबत होतो. नात समोर खुर्चीवर, पाय उशीवर, पोटरीला बर्फाची पिशवी.

"हिला काय झालं?" तो उशीत तोंड खुपसून म्हणाला.

"पोटरी."

"मग बर्फ कशाला? बर्फ मासळी ठेवायला लागतो." मग मान वर करून माझ्याकडे बघत म्हणाला, "घरात दवाखाना असून पोरगी बर्फावर? का आता तुमच्या हाताला गुण राहिला नाय?"

तो मस्करी करत होता. नात हसली. मी त्याला जरा जास्तच जोरात दाबलं, तो ओरडला, तिघंही हसलो. पण तो गेल्यावर मी नातीला म्हटलं, "उद्यापासून शेकू आपण."

"नको आबा. मॅडम नाही म्हणाल्यात."

"तुझ्या मॅडमचा जन्म व्हायच्या आधीपासून मी ओल काढतोय."

"ती मोटार होती, आबा."

"करंट मोटारीला वेगळा आणि पायाला वेगळा असतो का?"

तिनं बर्फाची पिशवी उलटी करून पुन्हा लावली. मी त्या संध्याकाळी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाही घेतला नाही. सूनबाईला वाटलं, पोट बिघडलं. नातीला खरं कारण माहीत होतं. हा माझा जुना रस्ता, बायकोवरही मी तोच चालवायचो. दुपारी सूनबाई बालवाडीच्या मीटिंगला गेल्यावर नात माझ्यासमोर येऊन बसली. "बरं, आबा. पण हळू."

दोनशेचा बल्ब आता कुठे मिळत नाही. माझ्या पत्र्याच्या पेटीत एक जपून ठेवलेला होता, वर्तमानपत्रात गुंडाळून. बिस्किटाच्या मोठ्या डब्याचा तळ कापून त्यात तो बसवला, वरून गोधडी झाकली आणि आत तिची पोटरी. एकीकडे तेल कढवत ठेवलं. शेकून झाल्यावर अंगठा घातला. पोटरीच्या आतल्या बाजूला एक गाठ लागली. मी म्हटलं, हीच ती, ओल इथं बसलीय. आणि ती फोडायला लागलो. नातीनं ओढणीचं टोक दातांत धरलं होतं.

"दुखतंय, आबा."

"दुखणारच. दुखलं म्हणजे मोकळं होतंय."

तीन दुपारी हे चाललं. पहिल्या दिवशी ती म्हणाली, हलकं वाटतंय. दुसऱ्या दिवशी काही म्हणाली नाही. तिसऱ्या दिवशी घोट्याजवळ निळं दिसायला लागलं आणि पोटरी हाताला टणक लागायला लागली. मी तिला सांगितलं, रक्त खाली उतरतंय, चांगलं आहे. खरं सांगायचं तर त्या वेळी मलाही भीती वाटली होती. पण तोंडातनं "चांगलं आहे" असंच निघालं.

ठरल्या दिवशी आम्ही मैदानावर गेलो. मॅडमनी पट्टी लावली, ती सुटली. दुसरी लावली, तीही घसरली. त्यांनी कापूस स्पिरिटमध्ये बुडवून पोटरी पुसली, पुन्हा पुसली, मग कापूस नाकाशी नेला.

"लसूण?" त्या म्हणाल्या.

शेवटी पट्ट्या चिकटल्या. मॅडमनी मोजलं, यंत्राकडे बघितलं. पुन्हा मोजलं. मग दारात जाऊन सरांना बोलावलं. पहिला आकडा पहिल्या दिवसापेक्षाही खाली होता. दुसरा तर इतका खाली की मॅडमनी पट्ट्या काढून, नव्या लावून, तिसऱ्यांदा मोजलं.

"काय केलंस?" सरांनी नातीला विचारलं. आवाज मोठा नव्हता. "खरं सांग. काय केलंस ह्या चार दिवसांत?"

मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. हाताला तेलाचा वास येत होता, माझा मलाच येत होता. नात छताकडे बघत पडली होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित मी बोललो असतो, असं मी स्वतःला नंतर पुष्कळदा सांगितलं. खोटं आहे ते. बोलायला मला भरपूर वेळ मिळाला होता.

"मी पळाले, सर," ती म्हणाली. "काल. पाटाच्या रस्त्यानं."

"किती?"

"पाच-सहा किलोमीटर."

"आणि हे तेल?"

"दुखायला लागलं म्हणून मीच लावलं."

सर खूप काही बोलले. ते मी इथे लिहीत नाही. एवढ्या पोरींवर मेहनत घेतो, त्यात सांगितलेलं ऐकणारीवर जास्त घेतो, असं म्हणाले. चाचणी तर गेलीच म्हणाले. आणि शेवटी म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस. तुझ्या जागी दुसरी कुणी येईल जिला ऐकता येतं." मग माझ्याकडे वळून हात जोडले. "आजोबा, तुम्ही रोज थंडीत येऊन बसता, तुमच्यासाठी वाईट वाटतं."

मी मान हलवली. माझ्यासाठी वाईट वाटून घेणाऱ्या माणसासमोर मी मान हलवली.

आमच्या घरात एक पद्धत आहे, ती मीच पाडलेली. घरातल्या मोठ्या माणसाची चूक बाहेरच्यांसमोर काढायची नाही. मुलगा लहान असताना एकदा पाहुण्यांसमोर म्हणाला, बाबांनी हिशेब चुकवला. त्याला मी त्या दिवशी जे केलं ते तो अजून विसरला नाही, आणि त्याच्या मुलीलाही त्यानं तेच वळण लावलं. मला ह्याचा अभिमान वाटायचा. आमच्या घरची पोरं कशी वळणाची, असं मी लोकांना सांगायचो.

रिक्षात ती कोपऱ्याला टेकून बसली होती. बिटको चौक मागे पडला तेव्हा मी म्हटलं, "खोटं कशाला बोललीस?"

ती म्हणाली, "तुम्ही बोलाल म्हणून मी थांबले होते, आबा. तुम्ही नाही बोललात, मग मी बोलले."

बस, एवढंच.

घरात तिनं आईलाही तेच सांगितलं, पळाले म्हणून. सूनबाई तिला रागावल्या. मी आतल्या खोलीत बसून ऐकत होतो. रागावून झाल्यावर सूनबाई रडल्या, आणि नात त्यांची समजूत काढत होती. त्या दोन-तीन दिवसांत कॉलनीतली एक बाई पाय मुरगळून आली. मी तिला म्हटलं, हात दुखतोय माझा, जमायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला परत पाठवलं.

मला राहून राहून तो दुसरा आकडा आठवायचा. मॅडमनी दोनदा सांगायला सुरुवात केली होती. मी दोनदा तोंड बंद केलं होतं. आणि मग अंगणात बसल्या बसल्या मला माझंच बोलणं आठवलं. केंद्रात नवीन भरती आली की मी त्यांना मेगर शिकवायचो. काटा खाली आला तर आधी काय विचारायचं? ओल की चीर? ओल असेल तर शेक द्या. पण तारेचं आवरणच चिरलं असेल तर बल्ब लावू नका, हात लावू नका. शेकलं तर उरलंसुरलं आवरण जळून जाईल. ती मोटार वाइंडिंगवाल्याची, आपली नाही. हे मी किती जणांना घोकून घेतलं असेल. आणि माझ्या घरातल्या पायाला मी ओल की चीर हे विचारलंच नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच मैदानावर गेलो. मॅडम खोली उघडत होत्या.

"आजोबा? ती कशी आहे?"

"मॅडम, तो दुसरा आकडा कशाचा?"

त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं, मग खुर्ची पुढे केली. म्हणाल्या, "स्नायू म्हणजे बारीक बारीक पेशी. प्रत्येकीला भिंत असते. भिंती धड असल्या की करंट तिथे अडतो, रेंगाळतो. तो दुसरा आकडा. भिंती फाटल्या की तो आकडा कोसळतो. पाणी तर साध्या सुजेनंही साचतं. पण खरोखर फाटलंय किती, भरून येतंय का, हे दुसराच जास्त सांगतो."

"म्हणजे चीर."

"हो. चीर म्हणा."

मी गुडघ्यावरच्या हातांकडे बघितलं. माझी बोटं जाड आहेत, नखांत अजून पिवळसर कडा होती. मग मी म्हटलं, "ती पळाली नाही. पाऊलभरसुद्धा नाही. मी शेकलं. मी दाबलं. तीन दिवस."

मॅडमच्या तोंडावरचा रंग बदलला. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. मला ते हवंही होतं. पण त्या फक्त म्हणाल्या, "ती नको म्हणाली असेल ना?"

"म्हणाली. मी जेवलो नाही मग."

त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. "सरांना मी सांगू का?"

"नाही. मी सांगतो."

बाहेर हजेरी चालू होती. वीस-पंचवीस पोरं-पोरी रांगेत. सरांना बाजूला घेऊन सांगता आलं असतं. पण मेगरच्या गप्पा मी ह्याच पोरींसमोर मारल्या होत्या. मी रांगेसमोर जाऊन उभा राहिलो आणि सांगितलं. चार वाक्यं असतील. त्यातलं एक मी चुकून दोनदा म्हटलं. रांगेतली एक लहान पोरगी हसली. शेजारणीनं तिला कोपर मारलं.

सर म्हणाले, "आजोबा, मी तिला पळाली म्हणून काढलं नव्हतं. ऐकत नाही म्हणून काढलं. आता तुम्ही सांगताय की ती खोटंही बोलली."

"ते खोटं तिचं नाही, सर. माझ्या घरचं आहे. मीच शिकवलंय."

त्यांनी हजेरीची वही मिटली. मग म्हणाले, "तिला उद्या पाठवा. पळायला नाही. आकडा वर येईपर्यंत इथं बसून इतरांची वेळ घेईल. घड्याळ धरेल. घरी बसवू नका तिला."

घरी येऊन मी नातीला सांगितलं, सरांनी बोलावलंय, मी सगळं सांगून आलो. मला वाटलं होतं, तिचा चेहरा उजळेल. ती भाजी निवडत होती. हात थांबवून म्हणाली, "सगळ्यांसमोर सांगितलंत?"

"हो."

"म्हणजे आता सगळ्यांना कळलं मी खोटं बोलले."

"माझ्यासाठी बोललीस, ते पण सांगितलं."

"मॅडमना सांगितलंत, सरांना सांगितलंत, सगळ्या पोरींना सांगितलंत," ती म्हणाली. "मला काय सांगितलंत, आबा?"

तोंडापर्यंत आलं होतं. दोन शब्दच तर म्हणायचे होते. पण नातीला, भाजी निवडणाऱ्या एवढ्याशा पोरीला, मी? जीभ वळेना. मी आत जाऊन पेटीतनं तो बल्ब काढला, पिशवीत घातला आणि कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या गाडीत टाकून आलो. बल्ब टाकला म्हणजे बोललो, असं मी मनाचं समाधान करून घेतलं. तिला ते दिसलंही नाही.

सूनबाईला संध्याकाळी कळलं. त्यांनी माझं ताट वाढलं, पुढ्यात ठेवलं आणि म्हणाल्या, "जेवून घ्या, आबा. आज तरी जेवा."

चाचणीच्या दिवशी नात मैदानाच्या मध्ये घड्याळ घेऊन उभी होती. तिच्या जागी जी पोरगी पळाली, तिला ही प्रत्येक फेरीला ओरडून वेळ सांगत होती. "चल, दोन सेकंद मागं आहेस! हात सैल सोड, खांदे सैल सोड!" ती पोरगी तिसरी आली. नात लंगडत जाऊन तिच्या गळ्यात पडली. मी कठड्यावर माझ्या नेहमीच्या जागी होतो. शेजारी कुणाचे तरी वडील बसले होते, त्यांनी विचारलं, "तुमची कोणती?" मी घड्याळवाली दाखवली. "ती पळत नाही?" ते म्हणाले. मी म्हटलं, "पळते. मी थांबवली." त्यांना काही कळलं नाही, त्यांनी मान वळवली.

पुढच्या रीडिंगला मी तिच्याबरोबर गेलो. खोलीच्या दाराशी ती थांबली आणि म्हणाली, "आबा, तुम्ही बाहेर बसा." रागानं नाही. चप्पल बाहेर काढा, म्हणावं तसं. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. आतनं मॅडमचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. तेवढ्या वीस मिनिटांत मला माझी अख्खी नोकरी आठवून गेली. एवढ्या वर्षांत माझ्याशिवाय रीडिंग झालं, असं कधी घडलं नव्हतं.

ती बाहेर आली. मोजा ओढत, एका हातानं भिंत धरून.

"पहिला आकडा बराच वर आलाय," ती म्हणाली.

"आणि दुसरा?"

तिनं मान वर केली. "हळूहळू येतोय. अजून खूप खाली आहे. मॅडम म्हणतात, दोन महिने तरी."

"माझं चुकलं, बाई," मी म्हटलं. ते कसं निघालं ते मला कळलं नाही. व्हरांड्यात झाडूवाली होती, ती थांबून बघायला लागली.

नातीनं वाकून बूट घातला. नाडी बांधायला तिला वेळ लागत होता. डावा पाय अजून नीट वळत नव्हता. माझा हात पुढे गेला आणि मी तो मागे घेतला.

"पुढच्या वेळी आत या," ती नाडीकडे बघतच म्हणाली. "पण हात खिशात."

"पायजम्याला खिसा कुठे असतो?"

"मग शिवून घ्या."

ती उठली आणि चालू लागली. मी दोन्ही हात पाठीमागे धरले आणि तिच्या मागं निघालो. तिची चाल सावकाश होती. एरवी मी पुढे होऊन रिक्षा थांबवली असती. त्या दिवशी मागंच राहिलो.